कोण बोललं ते विचारायचं नाही

"सोडा!"

शब्द पुरता कानात शिरायच्या आत सहा माणसांनी बारा हात उघडले, दोन-दोन पावलं मागं घेतली, तोंडं फिरवली आणि हात पाठीमागे बांधले. दीडशे किलोची काच जिन्याच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत कोपऱ्यावर आपटली आणि जागच्या जागी तिचा चुरा झाला. आवाज असा की तळमजल्यावर फरशी बसवणाऱ्यांच्या हातातल्या थाप्या गळून पडल्या. मग सगळीकडे चिडीचूप. काचेचे दाणे तेवढे पायरीपायरीनं खाली घरंगळत राहिले.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मुकादमानं आधी सगळ्यांच्या बुटांवर नजर फिरवली, मग सगळ्यांच्या बाह्यांवर.

"लागलं कोणाला?"

"नाही."

"मग झाडू आणा."

बस्स, एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. टोळीतला गवई, ज्याला झाडू मारतानासुद्धा गुणगुणल्याशिवाय करमत नाही, तो एक जुनी चाल गुणगुणत चुरा गोळा करायला लागला. उंचच उंच लंबू पोती घेऊन आला. थोरला आणि धाकटा हे जुळे भाऊ, दोघांत अकरा मिनिटांचा फरक, तरी थोरला आयुष्यभर थोरलेपण मिरवतो. त्यानं धाकट्याला "नीट भर" म्हणून दरडावलं आणि धाकट्यानं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. सगळं अगदी रोजच्यासारखं.

टेलरताई मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण 'सोडा' ती म्हणाली होती.

आता हे काही गुपित होतं असं समजू नका. सहा जणांत बाई एकच. आवाज कोणाचा हे ओळखायला बाकीच्यांचे कान काही बहिरे नव्हते. सगळ्यांना कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि विचारणं वेगळं, आणि ही सगळी गोष्ट त्या दोहोंमधल्या अंतराची आहे.

टेलरताई पूर्वी खरीच टेलर होती. वीस वर्षं शिलाई मशीनवर बसली. तयार कपड्यांपुढे दुकान चालेना, तेव्हा तिनं ते बंद करायला काढलं, आणि दर्शनी काच उतरवायला ही टोळी आली. काच उचलली तशी ती तिच्या कोपऱ्याला बोटं टेकवून सहज म्हणाली, "डाव्या अंगानं सटकतेय बघा." मुकादमानं काच टेकवून पाहिलं, तर डावीकडची रबरी वाटी खरंच सुटत आली होती. काचेला चिकटणाऱ्या या मूठवाल्या वाट्यांवरच सगळा भार असतो. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक. मुकादम म्हणाला, "ताई, तुमच्या बोटांना कळतं. आमच्यात येता का?" तिला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. सहा महिने शिकायचं, मग पक्की जागा. सोमवारी काच फुटली तेव्हा पाच महिने आणि तीन आठवडे झाले होते. नशीब तरी कसं बघा!

टोळीचे नियम चारच. ते कुठल्या कागदावर नाहीत. वाट्या ठेवायच्या लाकडी पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, काचेवर खुणा करायच्या मेणाच्या पेन्सिलीनं लिहिलेत. काच उचललेली असताना पुढचं-मागचं एकच जण सांगेल, तो म्हणजे मुकादम. पण 'टेका' आणि 'सोडा' हे दोन शब्द कोणीही, कधीही म्हणू शकतो. वेळ असेल तर 'टेका', नसेल तर 'सोडा', आणि ऐकणाऱ्यानं आधी करायचं, मग विचार करायचा. पडणाऱ्या काचेला हात लावायचा नाही, मग ती कितीही लाखमोलाची असो. आणि चौथा: कोण बोललं ते विचारायचं नाही, बोलणाऱ्यानं सांगायचंही नाही.

यातला तिसरा सर्वांत अवघड. वस्तू पडायला लागली की माणूस झडप घालतोच, जन्मजात खोड आहे ती. म्हणून रोज सकाळी ही टोळी काचेच्याच मापाची, वरून गुळगुळीत पत्रा ठोकलेली एक जाड फळी उचलून फिरवते, आणि मध्येच कोणीतरी 'सोडा' म्हणतो. धाडकन फळी खाली. रोज. येणारेजाणारे हसतात. टेलरताईला हात सोडायला शिकायला दोन महिने लागले होते.

इमारत वाचनालयाची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनखोलीला एकच मोठी खिडकी, आणि तिच्यासमोर एवढं थोरलं झाड की क्रेनचा हात पोचेना. म्हणून काच जिन्यानं न्यायची. आणखी एक काच राखीव ठेवलेली होती, ती गुरुवारी येणार होती. शनिवारी उद्घाटन.

चुऱ्याचं चौथं पोतं भरत होतं तेव्हा सुरक्षा अधिकारी मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पायऱ्या चढताना त्यांनी आधी विचारलं, "सगळे ठीक आहात ना?" मग मात्र काखेतला टॅब्लेट काढला. त्यांच्या कंपनीची एक आचारसंहिता होती. गुळगुळीत कागद, सेहेचाळीस कलमं, पानापानावर हेल्मेट घातलेली हसरी माणसं. कामाच्या जागी एवढं हसणारं माणूस मी तरी आजवर पाहिलेलं नाही. त्यातलं एकोणिसावं कलम असं की प्रत्येक घटनेची जबाबदार व्यक्ती निश्चित करावी.

"काच सोडायला कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

मुकादम म्हणाला, "आमच्यात ते विचारत नाहीत."

"मी तुमच्यातली नाही. म्हणून मी विचारते."

"आणि आमच्यात ते सांगतही नाहीत."

मॅडमनी लंबूला विचारलं. लंबूनं छताकडे पाहिलं. त्याला ते जवळच पडतं. थोरल्याला विचारलं, त्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याला विचारलं, तो म्हणाला, "थोरल्याला विचारा." गवई तर गुणगुणायचाही थांबला नाही. शेवटी त्या टेलरताईपुढे आल्या. टेलरताईचं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुकादम खाकरला. तिनं तोंड मिटलं.

"या रकान्यात नाव भरल्याशिवाय अहवाल पुढे जात नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता. "बुधवारी संध्याकाळपर्यंत नाव द्या. नाहीतर गुरुवारची काच दुसरी टोळी नेईल, आणि या कंपनीच्या कामावर तुम्ही परत दिसणार नाही."

टेलरताई घरी गेली ती पाय ओढत. घरी सासूबाई. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, त्यामुळे घरात या दोघीच आणि दोघींची बोलाचाली. सासूबाईंनी दार उघडलं, सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय फोडलंस?"

टेलरताईनं सगळं सांगितलं. एवढंच सांगितलं नाही की कोण बोललं. पण सासूबाईंनी उन्हात केस पांढरे केलेले नव्हते.

"म्हणजे तूच."

टेलरताई चप्पल काढायला वाकली.

"अगं, मग सांगून टाक! या घरात चूक लपवायची पद्धत नाही. तुझा नवरा लहानपणी बरणी फोडून माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. आई, मी फोडली. मार खायचा आणि मोकळा व्हायचा. आणि तू पाच जणांच्या पोटावर पाय आणून मूग गिळून बसणार?"

"चूक होती की नाही तेच कळत नाही आई," टेलरताई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "हातातून सरकल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं. आता चुऱ्यात काय शोधू? कदाचित नसेलही सरकली. कदाचित मी उगाच..."

सासूबाईंनी ताट वाढलं. पण जेवताना दोनदा आणि भांडी घासताना एकदा म्हणाल्या, "सांगून टाक."

दुसऱ्या दिवशी टेलरताई सगळ्यांच्या आधी पोचली. मुकादम पेटीपाशी बसून वाट्यांची रबरं पुसत होता. ती समोर जाऊन उभी राहिली, हातांची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली.

"मुकादम, काल जे..."

"थांबा ताई." त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "पुढचा शब्द बोलू नका."

"पण सगळ्यांना माहीत आहे!"

"असू दे की. मला तुमचं वयही माहीत आहे, मी विचारतो का?" तो हसला, आणि मग त्यानं उजवा हात तिच्यासमोर धरला. त्या हाताला तीनच बोटं होती. हे तिनं रोज पाहिलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं. "हे कसं झालं ते सांगतो, बसा. माझ्या सख्ख्या भाच्याला मीच या कामात आणलं. हुशार पोरगा, चांगला तिशीचा, दोन लेकरांचा बाप. एकदा तो 'सोडा' म्हणाला. सोडली. फुटली. नंतर बघितलं तर कशाला काही झालं नव्हतं. मग आम्ही काय केलं? महिनाभर त्याची टर उडवली. चहाचा कप दिला की म्हणायचं, सोडू नको हां. जिना आला की म्हणायचं, भाचेबुवा, घाबरलात का? सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. मामा ना मी!"

त्यानं हात खाली घेतला.

"पुढच्या वेळी काच खरंच सरकली. त्याला सर्वांच्या आधी कळलं. आणि तो बोलला नाही. त्याला वाटलं, अजून जरा बघू, परत हसतील. त्या अजून-जरामध्ये माझी दोन बोटं गेली. तो अजून माझ्यासमोर मान वर करत नाही. चूक माझी, आणि मान त्याची खाली! त्या वर्षी मी झाकणावर चौथा नियम लिहिला."

टेलरताई पुढे सरकली. "पण मी सांगितलं तर तुमचं काम वाचेल."

"या खेपेचं वाचेल. पण तुम्ही नाव सांगितलंत की उद्या लंबू बोलायच्या आधी विचार करेल. माझंही नाव जाईल का? मला घालवतील का? तो विचार करायला किती वेळ लागतो माहीत आहे?" त्यानं तीन बोटांनी चुटकी वाजवली. "काच तेवढं थांबत नाही."

दुपारी मॅडमनी तिला एकटीला बोलावलं. पत्र्याची खोली, टेबलावर सेहेचाळीस कलमांचा गठ्ठा, कोपऱ्यात पंखा.

"ताई, मी आडवळणानं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "आवाज बाईचा होता, हे फरशीवाल्यांनी सांगितलंय. तुम्ही नवीन आहात, अजून पक्क्या नाही. इथं सही करा. टोळीचं काम टोळीकडे राहील. तुम्हाला मात्र थांबावं लागेल. तुमचा अपमान होईल असं काहीही मी लिहिणार नाही."

टेलरताईनं पेन हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, घेतलं. एका सहीत पाच घरं वाचत होती आणि छातीवरचा धोंडाही उतरत होता. सासूबाईंचं 'सांगून टाक' कानात घुमत होतं. बंद दुकान डोळ्यांसमोर आलं, आणि वीस वर्षांनी नव्यानं मिळालेलं, तिच्या बोटांची किंमत असलेलं हे एकच काम.

मग तिला ती तीन बोटांची चुटकी आठवली. तिनं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी सही केली तर तुम्हाला नाव मिळेल. पण पुढच्या खेपेला 'सोडा' म्हणणारं माणूस मिळणार नाही. आणि तेव्हा तुम्हाला काचेचा अहवाल लिहायचा नसेल, माणसाचा लिहायचा असेल." आपलाच आवाज ऐकून ती चकित झाली, पण आता सुटलीच होती तर थांबेना. "मला घालवायचं तर घालवा, ते तुमच्या हातात आहे. पण त्याआधी उद्या सकाळी आमच्याबरोबर फळी उचला. एकदा. मग मागा नाव."

मॅडमनी टेबलाखालचे आपले जाड बूट पाहिले.

"किती वाजता?"

बुधवारी सकाळी सात वाजता लंबूनं आपली जागा मॅडमना दिली आणि कडेला जाऊन उभा राहिला. फरशीवाले तमाशा बघायला जमले होते. एकानं तर उलटी बादली टाकून बसायची सोय केली होती. मुकादमानं मॅडमना चारही नियम सांगितले, वाट्या कशा दाबायच्या ते दाखवलं, आणि फळी उचलली.

एक फेरी झाली. दुसरी झाली. मॅडमच्या कपाळावर घाम, पण पाय बरोबर पडत होते. तिसऱ्या फेरीला वळणावर टेलरताईनं पाहिलं, तर समोरच्या बाजूला मॅडमचा चेहरा बदलला होता. ओठ उघडले, मिटले. नजर फरशीवाल्यांकडे गेली आणि परत आली. ओठ पुन्हा उघडले.

आवाज काही आला नाही. आली ती फळी. मॅडमच्या हातातली वाटी फटकन सुटली, फळीचा कोपरा खाली आला, आणि त्यांच्या बुटाच्या पोलादी टोकावर आपटून बाजूला गेला. तोवर मुकादमाच्या "सोडा"वर बाकी सगळे दोन पावलं मागे, हात पाठीमागे.

बूट नसता तर काय झालं असतं ते सगळ्यांनाच दिसत होतं. बुटाच्या टोकाला खळगा पडला होता.

"लागलं?" मुकादमानं विचारलं.

"नाही." मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या वाट बघत होत्या. आता कोणीतरी म्हणेल, कळलं नाही का? बोलला का नाहीत? पाच माणसं हात पाठीमागे बांधून शांतपणे भिंतीकडे बघत होती. बादलीवरचा फरशीवाला काहीतरी बोलायला गेला, तर लंबूनं नुसतं त्याच्याकडे वाकून पाहिलं. तो बादलीसकट मागे सरकला.

"मला कळलं होतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "दोन पावलं आधी कळलं होतं. वाटलं, एवढे लोक बघतायत, आणि नसलंच काही तर..."

"आमच्यात तेही सांगायचं नसतं," मुकादम म्हणाला. "उचला परत."

परत उचलली. या खेपेला वळणाच्या अलीकडेच मॅडमच्या तोंडून "सोडा!" असं काही सणसणीत निघालं की पलीकडच्या झाडावरची पाखरं उडाली. धाडकन फळी खाली. पाच जण दोन पावलं मागे. मॅडमही मागे, आणि कोणी न सांगता त्यांचे हात पाठीमागे गेले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी विचारलं नाही. कोणी हसलं नाही. सरकली होती की नव्हती हे बघायला कोणी वाकलंसुद्धा नाही.

"बाई गं," मॅडम म्हणाल्या, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना खळखळून हसल्या. "किती हलकं वाटतं हो!"

टेलरताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला नेमकं तसंच वाटायला हवं होतं सोमवारी, आणि अखेर ते आत्ता, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून, तिला मिळालं.

मॅडमनी तिथंच पायरीवर बसून अहवाल भरला. घटनेचं कारण: काच सोडण्याची सूचना मिळाली. इजा: नाही. जबाबदार व्यक्तीच्या रकान्याशी त्या अडल्या. रिकामा ठेवला तर यंत्र घेईना. मग त्यांनी टाइप केलं, 'नियम क्रमांक चार', आणि बटण दाबलं. यंत्रानं ते विनातक्रार गिळलं. त्याला काय, चार अक्षरं मिळाली की झालं!

"वरून फोन आला तर?" थोरल्यानं विचारलं.

"वरचं मी बघते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काच बघा."

गुरुवारी काच आली. लंबूची जागा लंबूला परत मिळाली होती. मॅडम हेल्मेट घालून वरच्या पायरीवर उभ्या होत्या. प्रत्येक वळणावर मुकादमानं जाड बनाती कापडात गुंडाळलेले लाकडी ठोकळे मांडून ठेवले होते. सहा जणांनी वाट्या दाबल्या. "उचला."

पहिला मजला गेला. गवईसुद्धा गप्प होता, यावरून समजा. पायऱ्या, वळण, पायऱ्या. मग तेच वळण आलं, सोमवारचं. फरशीच्या फटीत अजून दोन-चार काचेचे दाणे चमकत होते.

आणि टेलरताईच्या डाव्या तळहाताखाली काहीतरी सरकलं.

सुई कापडातून अर्धा दोरा जास्त जावी, तेवढंच. असेल. नसेलही. शेवटची काच होती ती, आता राखीव काही नव्हती. शनिवार, उद्घाटन, पक्की जागा, सासूबाई, सगळं एका क्षणात डोक्यात घोंगावलं असतं. घोंगावायला हवं होतं. पण त्याच्या आधीच तिचा आवाज जिन्यात खणखणत होता.

"टेका!"

काच ठोकळ्यांवर अलगद टेकली. पाच जण काच उभी तोलून धरून समोर बघत राहिले. एकही मान वळली नाही. वरच्या पायरीवरून मॅडमचीही नाही. त्या अगदी निष्ठेनं खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होत्या.

मुकादमानं कमरेचं फडकं काढलं आणि एकेक वाटी सोडवून पुसली, काच पुसली, परत दाबली. बाराच्या बारा पुसल्या. कोणती ढिली होती ते पाहिलं नाही, कारण ते पाहणं म्हणजेसुद्धा विचारणंच. शेवटची वाटी दाबताना तो टेलरताईच्या शेजारी आला, आणि तिच्याकडे न बघता पुटपुटला, "शाब्बास. जो कोणी असेल त्याला."

टेलरताईची छाती अशी भरून आली की पुढच्या बावीस पायऱ्यांवर ते दीडशे किलो तिला जाणवलेच नाहीत. काच वर गेली, चौकटीत शिरली, खालची पट्टी बसली, वरची बसली. मुकादम म्हणाला, "हात काढा." बारा हात निघाले. काच जागची हलली नाही. वाचनखोलीत ऊन जमिनीपासून पार समोरच्या भिंतीपर्यंत पसरलं, आणि लंबूनं धाकट्याला उचलून गरागरा फिरवलं. थोरला ओरडला, "आधी मला!" गवईनं तोंड उघडलं आणि इतके महिने नुसत्या गुणगुणण्यात अडकलेलं गाणं पूर्ण आवाजात म्हटलं. माणूस बरा गात होता हो! खालून फरशीवाल्यांनी थाप्या वाजवून साथ दिली.

संध्याकाळी मुकादमानं पेटीचं झाकण टेलरताईपुढे उघडलं. मेणाची अक्षरं रोजच्या हाताळण्यानं पुसट होतात. टोळीत नवीन माणूस पक्का झाला की ती त्यानंच पुन्हा लिहायची, आपल्या अक्षरात, ही पद्धत. आधीचं अक्षर धाकट्याचं होतं, अगदी मुंग्या पळाल्यासारखं. मुकादमानं काही भाषण केलं नाही. पेन्सिल तिच्या हातात दिली. सहा महिने पुरे व्हायला चार दिवस बाकी होते. ते कोणी मोजले नाहीत.

शनिवारी टेलरताई सासूबाईंना घेऊन वाचनालयात गेली. सासूबाईंनी सोमवारनंतर 'सांगून टाक' म्हणणं सोडलेलं नव्हतं; बुधवारी फळीची गोष्ट ऐकल्यावर मात्र त्या रात्री उशिरापर्यंत काही बोलल्या नव्हत्या, आणि त्या घरात ते नवलच होतं. आता त्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या. एवढी मोठी काच, आणि पलीकडे सगळं झाड. त्यांनी बोट लावून पाहिलं. "आहे होय इथं! मला वाटलं, उघडंच आहे."

शेजारी एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचे कपडे, हातात आमंत्रणपत्रिका. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिली काच म्हणे जिन्यातच फोडली. कोणीतरी उगाच ओरडलं. कोण होतं हो ते?"

टेलरताईचे हात आपोआप पाठीमागे गेले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मॅडमनी ते ऐकलं आणि त्या वळल्या, मुकादमही वळला. पण त्या दोघांनाही काही बोलावं लागलं नाही.

सासूबाई त्या गृहस्थांकडे वळल्या होत्या. साडेचार फुटांची बाई, पण त्या क्षणी गृहस्थच खाली बघत होते, कारण सासूबाईंची काठी त्यांच्या चकचकीत बुटाला टेकली होती.

"कोणाला लागलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे... नाही, असं ऐकलं."

"मग झालं तर! कोण बोललं ते विचारायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "नियम आहे आमच्यात."